पावसाळ्यातले फ्लेमिंगो

आमचं वसतिगृह बेलापूरच्या टेकडीला टेकून बसलंय,
पोटभर जेवलेला माणूस भिंतीला टेकतो तसं.
गच्चीवरून खाडी दिसते.
गच्चीवर जायला सक्त मनाई आहे,
म्हणून खाडी आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे.

फोन परुळेकर सरांच्या कपाटात,
कपाटाची किल्ली सरांच्या कमरेला.
दर रविवारी साडेदहाला घरी पत्र.
शाईनं. समास सोडून.
"हस्ताक्षर सुधारतं," सर म्हणतात,
आणि पाकीट चिकटवण्याआधी ओळन् ओळ वाचतात,
चष्मा कपाळावर ठेवून,
म्हणजे बहुधा वासानंच.

आता मला सांगा,
भिवामामांच्या दुधीबद्दल घरी कळवायचं कसं?
सोमवारी दुधी,
मंगळवारी दुधीची चुलतबहीण,
बुधवारी डाळीत दडी मारून बसलेला दुधी,
आणि रविवारी, सणासुदीला म्हणून,
दुधी, पण वर खोबरं.

मोखाड्याचा एकनाथ घाटाळ,
इंग्रजीत काठावर आणि बाकी सगळ्यात पुढे,
त्यानं एका रात्री पांघरुणात टॉर्च लावून
गुप्त भाषा काढली.
आम्ही ती दात घासता घासता घोकली:

"हवा छान आहे" म्हणजे पोटात कावळे,
"मन रमलंय" म्हणजे पाठवा मोरावळे.
"गणित आवडतं" म्हणजे पुन्हा दुधी आला,
"नवे मित्र मिळाले" म्हणजे ढेकूण झाला.
"खाडीत फ्लेमिंगो आले" म्हणजे संपला चिवडा,
डबा धाडा मोठा, हा एवढा एवढा!

मेच्या सुट्टीत ती घरोघरी शिकवून आलो.
जोएल डाबरेच्या पप्पांनी फ्रिजवर चिकटवली.
झाकीर मुकादमच्या फुफूनं वहीत उतरवली.
माझी आई म्हणाली, "बरं बरं,"
आणि कुकरची शिट्टी झाली.

जूनच्या पहिल्या रविवारी मी लिहिलं,
"आई, मला गणित आवडतं. फार आवडतं."
शुक्रवारी जोएलला सुकेळी आली,
झाकीरला नानखटाई,
आणि मला
गणिताची दोन गाइडं.
सोबत चिठ्ठी: बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.
बिल्डिंगला!

मग जुलैत मी जरा सविस्तर लिहिलं:
"आई, नीट वाच. खाडीत फ्लेमिंगो आले.
शेवटचा फ्लेमिंगो काल रात्री
आम्ही चौघांनी वाटून खाल्ला.
तळाशी नुसतं मीठ उरलंय."

सरांनी बोलावलं.
चष्मा कपाळावरून नाकावर आला,
हे मी पहिल्यांदाच पाहिलं.
लाल पेन टेबलावर टकटक वाजलं.
"जुलैत फ्लेमिंगो?"
"सर, चुकून आले असतील."
"आणि तुम्ही खाल्लेत?"
"थोडेच, सर."
पंखा फिरत राहिला.
मी पायाच्या अंगठ्यानं फरशीवर
महाराष्ट्राचा नकाशा काढत होतो,
सिंधुदुर्गापर्यंत आलो होतो.
"चिवडा ना?" सर म्हणाले.
"नोव्हेंबरपर्यंत बगळे लिहीत जा, गाढवा.
बगळे बारा महिने असतात."

पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर
सर स्वतःच बसले, शाईचं पेन घेऊन.
एकनाथला उलटं वाचता येतं.
त्यानं हळूच सांगितलं: पत्र आचऱ्याला, सरांच्या आईला.
"आये, हवा छान आहे. खाडीत बगळे आले.
खूप आले."

आठवड्यानं पुडकं आलं, सुतळीनं करकचून बांधलेलं.
त्या रात्री दिवे गेल्यावर
सरांच्या खोलीतून कुडुम कुडुम,
मालवणी खाजाचा आवाज लपत नाही.
तीस मुलं अंधारात आ वासून ऐकत पडली.
सकाळी प्रत्येकाच्या उशीशी एकेक काडी होती,
पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही,
सरही नाहीत.

दुपारी मेसमध्ये सर आमच्याच रांगेत बसले.
ताटात दुधी पडला.
सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं,
आमच्याकडे पाहिलं,
आणि भिवामामांना गंभीरपणे म्हणाले,
"भिवा, मला गणित फार आवडतं हो."

भिवामामांना भाषा येत नव्हती.
कुणीतरी काहीतरी आवडतं म्हणालं,
एवढंच त्यांना कळलं.
डोळे भरून आले बिचाऱ्यांचे.
त्यांनी सरांना
आणखी दोन डाव वाढले.